धुनूचा चित्रपट, सहा मुलं आणि मे महिन्यातलं शूटिंग

माळरान (धागाकर्ता)

रीमा दास यांचा ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ हा आसामी चित्रपट इथल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. २०१७ साली टोरांटोच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. ६५व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि पुढे ऑस्करसाठी भारतातर्फे गेला. धुनूचं, म्हणजे मुख्य मुलीचं, काम करणाऱ्या भनिता दासला बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि निर्मिती रीमा दास यांची, आणि जागेवरचा आवाज टिपला त्यांच्या नात्यातल्याच मल्लिका दास यांनी. संकलन आणि ध्वनी या दोन्हींनाही त्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार होते.

‘एकट्या बाईनं केला’ हे सगळे सांगतात. ते खरंच आहे, पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती वेळेची. गाव त्यांचं स्वतःचं, कामरूप जिल्ह्यात छायगावजवळचं कलारदिया. आधीच्या चित्रपटाच्या वेळी तिथली पोरं थर्मोकोलची वाद्यं घेऊन गाताना दिसली आणि तिथून गोष्ट सुरू झाली. मग साडेतीन वर्षांत विखुरलेले सुमारे १५० दिवस चित्रण. पूर आला तेव्हा पुराचं. दिवे नाहीत, हातातला कॅमेरा, मुलं गावातली, कुणीही शिकलेला नट नाही.

आता मुद्द्याचं. मला असाच मुलांचा चित्रपट करायचा आहे, त्याचा आराखडा असा: पुणे जिल्ह्यातलं एक गाव, ८ ते १२ वयाची सहा मुलं, मे महिन्यात सलग २५ दिवस, तंत्राला चार माणसं, एक पूर्ण फ्रेम स्टिल कॅमेरा, एक शेळी, आणि पाझर तलावात पोहण्याचा एक प्रसंग. साडेतीन वर्षं कुणाकडेच नसतात. मग त्या पद्धतीतलं काय उचलता येतं आणि काय नाही, हे तपशिलात हवं आहे.

कायदेपान

सर्वात आधी परवानगी, कारण ती नसेल तर बाकी सगळं हवेत. १४ वर्षांखालच्या मुलाला कलाकार म्हणून काम देता येतं, पण बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांतल्या अटींवर.

ज्या जिल्ह्यात चित्रण, तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. सोबत ‘नमुना सी’मधलं हमीपत्र, मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षेला जबाबदार माणसाचं नाव. परवानगी सहा महिने चालते. दिवसाला जास्तीत जास्त ५ तास, आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांच्या वर कोणत्याही मुलाला काम नाही. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती, म्हणजे तुमच्या सहा मुलांना दोन लागतील. ही दोन माणसं तंत्राच्या चौघांतली धरू नका. फोकस ओढणारा (भिंगाचा फोकस सांभाळणारा) माणूस मुलावर लक्ष ठेवू शकत नाही.

मुलाच्या मानधनातले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावावर मुदत ठेवीत, थेट. गाडी अडते ती इथेच. गावाकडे मुलाचं खातं अनेकदा नसतं, असलं तर आधारवरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव जुळत नाही. दुरुस्तीत आठवडे जातात. मेमध्ये चित्रण असेल तर कागद फेब्रुवारीतच गोळा करायला लागा.

चित्रपटात एक निवेदनही सक्तीचं आहे: चित्रणात मुलं असतील तर त्यांच्यावर अत्याचार, दुर्लक्ष वा शोषण होऊ नये म्हणून सर्व उपाय केले होते. संकलनाच्या शेवटच्या आठवड्यात ही पाटी हमखास विसरली जाते.

उजेडमापी

५ तास म्हटलं की हिशोब बघा. ९० मिनिटांचा चित्रपट २५ दिवसांत म्हणजे रोज साडेतीन मिनिटांहून थोडं जास्त पक्कं चित्रण. त्या ५ तासांतले मुलं खरोखर कॅमेऱ्यासमोर असतात ते फार तर साडेतीन. त्यामुळे ज्या चौकटीत मुलाचा चेहरा नाही ती मुलाच्या वेळात घ्यायचीच नाही. रिकामं अंगण, चूल, आईचे हात, रस्ता, पाठमोरी मोठी माणसं, हे सगळं मुलं घरी गेल्यावर.

प्रकाशाचं म्हणाल तर मेमध्ये साडेसहा ते साडेनऊ आणि पावणेपाच ते पावणेसात या दोन खिडक्या. जमवलं तर बरोबर ५ तास होतात.

कायदेपान

सकाळच्या साडेसहाला माझी हरकत आहे. १४ ते १८ वयाच्या किशोरांना संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात काम देता येत नाही. मोठ्याला जी वेळ बंद, ती आठ वर्षांच्या मुलाला खुली ठेवणं मनाला पटत नाही, आणि अर्जात साडेसहा लिहिलं तर तिथेही प्रश्न येणार. सकाळी ८ ते ११ आणि पावणेपाच ते पावणेसात धरा.

उजेडमापी

मान्य. मग मांडणी बदलू. आठला ऊन अजून तिरपं असतं, नऊपर्यंत उघड्यावर चालतं. नऊ ते दहा आंब्याच्या किंवा चिंचेच्या दाट सावलीत. दहानंतर उघड्यावर चेहरा घेतला की डोळ्यांच्या खोबणीत काळं पडतं, म्हणून दहा ते अकरा घरात, दाराच्या उजेडात. दाराबाहेर दोन मीटरवर पांढरी चादर जमिनीवर अंथरली की उजेड वर फेकला जातो, दिवा लागत नाही. पहाटेचं कोवळं ऊन निसर्गासाठी आणि मोठ्यांसाठी ठेवा.

आता फोकस. मुलांचं सगळ्यात जास्त चित्रण वाया जातं ते इथे. पूर्ण फ्रेम कॅमेरा, ५० मि.मी. भिंग, मूल दोन मीटरवर. एफ/१.८ ला (भिंगाचं छिद्र किती उघडं ते सांगणारा आकडा; लहान आकडा म्हणजे मोठं छिद्र) स्पष्ट पट्टा मिळतो साधारण १७ सेंटिमीटरचा. मुलानं नुसतं पुढे झुकून बघितलं तरी डोळे पट्ट्याबाहेर. एफ/४ ला तोच पट्टा ३८ सेंटिमीटर, एफ/५.६ ला ५४. मोठा नट खडूच्या खुणेवर थांबतो. मुलाला खूण पाळायला सांगितलं की त्याची नजर जमिनीवर जाते आणि प्रसंग मरतो. म्हणून एफ/५.६, ३५ मि.मी. आणि खुणेऐवजी वस्तू: ‘त्या दगडावर बस’, ‘दोरीला हात लाव’. मागचं धूसर दिसावं हा हट्ट सोडा. गाव मागे नीट दिसलं तर बिघडत नाही, उलट या गोष्टीत गावच हवं आहे.

शटर १/५० सेकंद, नाहीतर ट्यूबलाइटखाली पट्टे दिसतात. उन्हात त्यासाठी एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लागेल, बदलत्या घनतेचा एक पुरतो. कॅमेऱ्याची उंची मुलाच्या डोळ्याएवढी ठेवा, दहा वर्षांच्या उभ्या मुलासाठी जमिनीपासून साधारण १२० सेंटिमीटर. बसलेलं असेल तर तिपाई उपयोगाची नाही, हाय-हॅट (जमिनीलगतचा बुटका स्टँड) किंवा वाळूची पिशवी घ्या. कॅमेरा मोठ्या माणसाच्या छातीशी धरला की मूल कायम वरून दिसतं, आणि प्रेक्षक नकळत पालक होऊन बसतो.

मेच्या उन्हात स्टिल कॅमेरा तापून बंद पडतो. दोन घेण्यांच्या (टेकच्या) मध्ये तो बंद करून सावलीत ठेवा, ओलं फडकं मात्र गुंडाळू नका. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत २९ मिनिटं ५९ सेकंदांनी चित्रण आपोआप थांबतं, तेही ध्यानात असू द्या.

पडवी

मुलांची निवड आणि तालीम, यावर जरा सविस्तर लिहिते.

निवडीला संवाद वाचून घेऊ नका. वाचून घेतलं की स्नेहसंमेलनात खणखणीत बोलणारी मुलं पुढे येतात, आणि तो सूर नंतर घालवताना दोन आठवडे जातात. त्याऐवजी सात-आठ जणांना एक काम द्या: तुटलेली सायकलची साखळी चढवा, किंवा एकाच काडेपेटीत चूल पेटवा. तुम्ही बाजूला बसून बघा. बोलणारं मूल पटकन दिसतं. शोधायचं असतं ते ऐकणारं. दुसरा बोलत असताना ज्याचा चेहरा बदलतो, ते मूल पडद्यावर टिकतं. शक्यतो एकमेकांना आधीपासून ओळखणारी मुलं घ्या. मैत्री दाखवायला शिकवता येत नाही. सहा भूमिकांना आठ मुलं तयार ठेवा, आणि आठही जणांना चित्रपटात काहीतरी काम द्या. कुणालाही ‘राखीव’ म्हणू नका.

तालमी चार आठवडे, शनिवार-रविवार दोन-दोन तास पुरेत. पहिल्या दोन आठवड्यांत गोष्ट सांगायचीच नाही. फक्त खेळ, आणि अंगणात तिपाईवर कॅमेरा उभा. पहिल्या दिवशी सगळी त्यात डोकावतात. डोकावू द्या, स्वतःला बघू द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विसरतात. हे न करता थेट चित्रणाला उभं केलं तर पाच दिवस प्रत्येक घेण्याच्या शेवटी भिंगाकडे चोरटी नजर जाणार.

संवाद छापून देऊ नका. प्रसंग सांगा, कोणाला काय हवंय ते सांगा, आणि मूल आपल्या बोलीत जे बोलेल ते लिहून घ्या. लेखकानं लिहिलेलं ‘मला खूप वाईट वाटतंय’ हे वाक्य दहा वर्षांचा पोरगा कधीच बोलत नाही, तो ‘जा की मग’ म्हणून दगडाला लाथ मारतो.

सूचना भावनेची नको, कृतीची हवी. ‘घाबर’ म्हटलं की मूल डोळे मोठे करतं. ‘कडी आवाज न करता काढ, आत आजोबा झोपलेत’ म्हटलं, आणि कडी खरोखर थोडी गंजलेली ठेवली, की श्वास आपोआप रोखला जातो. हात अर्ध्यावर थांबतो, मान दाराकडे वळते, ओठ आत जातात. हे कुणी शिकवून येत नाही.

तालीम म्हणून सांगा आणि कॅमेरा चालू ठेवा. मुलांचं पहिलं किंवा दुसरं घेणं बहुतेक वेळा सर्वात चांगलं असतं. पाचव्यानंतर ते स्वतःचीच नक्कल करू लागतात. पाचात मिळालं नाही तर दोष प्रसंगाच्या मांडणीत असतो, मुलात नव्हे. प्रसंग दोन तुकड्यांत मोडा, किंवा मुलाच्या हातात काम द्या.

रडण्याचा प्रसंग असेल तर मुलाला खरोखर दुखावून, घाबरवून, खोटी वाईट बातमी सांगून रडवू नका. ग्लिसरीन आहे, पाठमोरं चित्रण आहे, आणि रडून झाल्यानंतरचा चेहरा रडण्यापेक्षा जास्त सांगतो. त्यासाठी तोंड धुऊन, नाक पुसून आलेलं मूल पुरतं.

माळरान

पडवी, खूप उपयोगी. एक शंका. अमोल गुप्ते यांचा ‘स्टॅनली का डब्बा’ कार्यशाळा म्हणूनच चित्रित झाला होता ना? शाळेत शनिवारी काही तास, कॅननच्या ७डीवर, दीड वर्षं. आपण चित्रपटात आहोत हे मुलांना माहीतच नव्हतं. तसं केलं तर ओझं कमी होईल का?

पडवी

शनिवारचे काही तास हा भाग जरूर उचला. एकाही मुलाची शाळा बुडाली नाही, एकही मूल दमलं नाही, आणि पडद्यावर ते दिसतं. माहीत नसण्याचा भाग मात्र उचलू नका.

कायदेपान

सहमत. तो चित्रपट २०११चा, २०१७ चे नियम त्यानंतरचे. आजच्या नियमात मुलाच्या इच्छेविरुद्ध वा संमतीशिवाय काम नाही, असं स्पष्ट आहे. मुलाला ठाऊकच नसेल तर संमती कसली? ‘आपण चित्रपट करतोय, नको वाटलं तर थांबायचं’ हे पहिल्याच दिवशी पालकांसमोर सांगा. थांबायचं म्हणजे कसं, तेही ठरवा. हात वर केला की कॅमेरा बंद, कुणीही ‘का’ विचारायचं नाही.

कानोसा

आवाजाबद्दल कुणीच बोललं नाही अजून! मल्लिका दास यांना पुरस्कार मिळाला तो जागेवर टिपलेल्या आवाजासाठी, हे विसरू नका. मुलांच्या चित्रपटात जागेवरचा आवाज वाचवायलाच हवा, कारण डबिंगला सहा महिन्यांनी बोलावलं तर बारा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटलेला असू शकतो, आणि आठ वर्षांच्या मुलाला स्वतःच्याच ओठांशी आवाज जुळवता येत नाही.

कॉलर माइकवर विसंबू नका. गणवेशाचं टेरिकॉट कापड घासतं, मूल पळालं की नुसती खरखर. लावायचाच तर सदऱ्याच्या आत छातीच्या हाडावर, कापडी चिकटपट्टीच्या दोन त्रिकोणांमध्ये दाबून. मुख्य आवाज बूमवरच (लांब काठीवरच्या माइकवर) घ्या, वरून, डोक्यापासून दोन फुटांच्या आत. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. पातळी मोठ्यांपेक्षा खाली ठेवा, सरासरी उणे २० डेसिबलच्या आसपास, कारण मुलं कुजबुजता कुजबुजता एकदम किंचाळतात. आवाज एकदम वाढला तरी फाटू न देणारा ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर भाड्यानं मिळाला तर ही काळजीच जाते.

प्रत्येक प्रसंग संपला की मुलं तिथेच, त्याच कपड्यांत असताना, कॅमेरा बंद करून संवाद दोनदा नुसते आवाजात घ्या. त्यानंतर सगळे गप्प राहून एक मिनिट जागेचा आवाज. एका मिनिटासाठी सहा मुलं गप्प बसणं अवघड, म्हणून त्यांनाच पैज लावायला सांगा: या मिनिटात किती वेगवेगळे आवाज ऐकले?

गावातले शत्रू: विहिरीवरची मोटर, पिठाची गिरणी, लग्नाचा डीजे. मे म्हणजे लग्नसराई. पंचांग बघून मुहूर्ताचे दिवस आधीच काढा आणि त्या दिवशी बिनसंवादाचे प्रसंग लावा. मोटर वीज येण्याच्या वेळापत्रकावर चालते, ते पोलिस पाटलांपेक्षा लाइनमनला नेमकं माहीत असतं.

जोडणीकार

संकलनाच्या टेबलावर जे फुटतं ते सांगतो.

दात. वरचे पुढचे दात सातव्या-आठव्या वर्षी पडतात, सुळे नऊ ते बाराच्या दरम्यान. ८ ते १२ वयाची सहा मुलं म्हणजे २५ दिवसांत कुणाचा तरी दात हलणारच. निवडीच्या वेळीच विचारा. हलत असेल तर त्या मुलाचे हसण्याचे, जवळचे प्रसंग पहिल्या चार दिवसांत उरका, किंवा दात पडणं गोष्टीतच घ्या. केस: मेमध्ये मुलांचं डोकं भादरलं जातं, नवसाचे केस निघतात, मुंजी असतात. पालकांशी तारखांसकट बोलून ठेवा. सुट्टीत मामाच्या गावाला जाणं हेही त्यातच आलं. मेंदी, ढोपराची खपली, उन्हानं रापलेला रंग, रोज चारही बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक पोशाखाचे दोन जोड सारखेच धुवून एकसारखे जुने करा. नवा जोड ऐनवेळी काढला की तो चकाकतो.

धुनूच्या चित्रपटात साडेतीन वर्षांत मुलगी वाढली, आणि ते वाढणंच गोष्टीत आलं. तिचं वयात येणं, त्यानंतरचा विधी, बदललेलं बसणं-उठणं. तुमच्या गोष्टीचा काळ आठ दिवसांचा असेल तर वाढ तुमची शत्रू, वर्षभराचा असेल तर मित्र. म्हणून मी तर म्हणेन, सलग २५ नको. मेमध्ये १६ दिवस, मग गोष्टीत पाऊस असेल तर जुलैत चार, दिवाळीच्या सुट्टीत पाच. मधल्या काळात कच्ची जोडणी करा, काय राहिलं ते कळतं. सलग चित्रणात ते चित्रण संपल्यावर कळतं आणि तेव्हा पैसेही संपलेले असतात. फक्त परवानगीचे सहा महिने मोजा.

साठवण: सेकंदाला १०० मेगाबिटच्या चित्रणाला तासाला ४५ जीबी. रोज चार तास धरले तर १८० जीबी, २५ दिवसांचे साडेचार टीबी. दोन प्रती म्हणजे नऊ. दोन डिस्क एकाच बॅगेत ठेवायच्या नाहीत, आणि दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.

उजेडमापी

तलावाच्या प्रसंगाला पुरवणी. मेमध्ये पाझर तलावाचं पाणी आटलेलं असतं, पण गाळ खोल असतो. पाण्याइतकाच धोका गाळाचाही. आदल्या दिवशी बांबूनं दर मीटरला खोली आणि गाळ मोजा, मुलांच्या छातीच्या वर पाणी असेल ती जागा टाळा. हद्द दोरीनं आखा, दोरी पाण्याखाली ठेवली की चौकटीत दिसत नाही. पोहता येणारी दोन मोठी माणसं पाण्यातच, चौकटीबाहेर, पहिल्यापासून. एका वेळी १५ मिनिटं, मग बाहेर. प्रत्येक मुलाला कोरड्या कपड्यांचे तीन जोड. कॅमेरेवाल्यानं स्वतः कंबरभर पाण्यात उतरावं, काठावरून मोठ्या भिंगानं घेतलेलं पोहणं बातमीतल्यासारखं दिसतं.

कायदेपान

आणि शेळी. चौकटीत कुठलाही प्राणी काम करत असेल तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रणाआधी लागते. नंतर अर्ज केला तर सेन्सॉरपाशी चित्रपट अडतो. मंडळाचं पत्र नसल्यानं तयार चित्रपटातले प्रसंग कापावे लागू शकतात. शेळीच्या तब्येतीचा पशुवैद्यकाचा दाखला सोबत जोडा.

प्रमाणपत्राच्या श्रेणीही बदलल्या आहेत. २०२४च्या नियमांपासून यूए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचे) श्रेणीत ७+, १३+ आणि १६+ असे भाग आहेत. बालचित्रपटाला ‘यू’ मिळावं असं वाटत असेल तर मारहाणीचे, शिव्यांचे प्रसंग संहितेतच तपासा.

जोडणीकार

महोत्सवाचा विचार असेल तर यूट्यूबवर तुकडेसुद्धा टाकू नका. बर्लिनच्या महोत्सवातल्या जनरेशन केप्लस या मुलांच्या चित्रपटांच्या विभागात ज्युरीत मुलंच असतात. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ला २०१४ साली तिथल्या बालज्युरीनंच क्रिस्टल बेअर दिलं. उपशीर्षकं लहान वाक्यांत हवीत, एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नकोत. आणि पहिला खेळ कुठेही असो, त्याआधी सहाही मुलांना आणि त्यांच्या आयांना चित्रपट वेगळा दाखवा. स्वतःला मोठ्या पडद्यावर पहिल्यांदा बघणं अनोळखी गर्दीत होऊ देऊ नका.

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. बदललेला आराखडा: मेमध्ये १६ दिवस, सकाळी ८ ते ११ आणि ४.४५ ते ६.४५. जुलैत ४ दिवस पावसाचे, तेव्हा शाळा असल्यानं फक्त शनिवार दुपार आणि रविवार. दिवाळीत ५. सहा भूमिका, आठ मुलं, जबाबदार माणसं दोन, त्यातली एक शिक्षिका. तालमी मार्चपासून. तलाव गावाच्या पलीकडच्या बाजूला आहे, तो प्रसंग मेच्या दुसऱ्या आठवड्यात.

कायदेपान

दोन गोष्टी. मे ते दिवाळी मिळून सहा महिन्यांच्या पलीकडे जाऊ शकतं, परवानगीची तारीख बघून दिवाळीच्या पाच दिवसांसाठी नवा अर्ज तयार ठेवा. दुसरं, ‘पलीकडची बाजू’ म्हणजे नेमकी कुठली? तलाव सातारा जिल्ह्याच्या हद्दीत येत असेल तर त्या एका दिवसासाठी साताऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडेही वेगळा अर्ज लागेल. तलाठ्याकडून गट क्रमांक काढून आजच खात्री करा.